फ्रीझरचा एक खण आणि आठवड्याचं जेवण

तू विचारलंयस : ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स, स्वयंपाकात चहा आणि मॅगीपलीकडे गती नाही, रोज रांधायला वेळ मिळणार नाही, तर सुट्टीच्या दिवशी एकदम करून फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालतं का, आणि त्यासाठी घरून काय आणू?

चालतं. मी सांगलीहून आलो तेव्हा माझीही अवस्था हीच होती आणि आजही माझा निम्मा आठवडा फ्रीझरवरच निघतो. फक्त एक चूक करू नकोस. सगळं ताट गोठवायला जाऊ नकोस. ज्याला वेळ लागतो ते गोठव : कांदा परतणं, कडधान्य भिजवून शिजवणं, वाटण. जे दहा-पंधरा मिनिटांत होतं ते त्या दिवशी कर : फोडणी, भात, वरून कोथिंबीर. फोडणी देऊन गोठवलेली आमटी वाईट लागत नाही, पण तिला कालचा वास येतो. तीच डाळ साधी शिजवून ठेवली आणि ऐनवेळी वरून जिरं-लसणाची चरचरीत फोडणी ओतली, तर ताजीच वाटते.

आधी फ्रीझर बघ. चौघांच्या फ्लॅटमध्ये फ्रिज बहुतेक एकच असतो आणि खाली तीन खण. तुझ्या वाट्याला त्यातला एक आला तरी नशीब. जुन्या वसतिगृहात कधी कधी फ्रिजच्या आतच वर एक छोटा कप्पा असतो. दारावर चांदण्या छापलेल्या असतात. चार चांदण्या असतील तर निश्चिंतपणे ताजं अन्न गोठव. एक किंवा दोन असतील तर उणे १८ अंशांपर्यंत तो जाणारच नाही. मग महिनाभराचा साठा विसर आणि दोन-तीन दिवसांचंच बघ.

जागा इतकी कमी, म्हणून डबे नकोत. झिप लावायच्या पिशव्या घे, एका पिशवीत एका वेळचं भर, हवा काढ आणि ताटावर आडवी पसरून गोठव. घट्ट झाल्या की वह्यांसारख्या उभ्या रचता येतात. पातळ असल्याने वितळतातही पटकन. वर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहायचीच. लिहिलं नाहीस तर तीन आठवड्यांनी तुला डाळ आणि वाटण यातला फरक ओळखता येणार नाही, पैज लाव. डबा किंवा बरणी वापरलीस तर वर दोन बोटं जागा सोड, पाणी गोठताना फुगतं. माझी एक काचेची बरणी अशीच तडकली आणि रूममेटच्या पिझ्झ्यावर काचा.

रविवारी दुकानं बंद असतात, हे पहिल्याच आठवड्यात समजेल, म्हणून बाजार शनिवारी. मसूर डाळ ‘रोटे लिन्सन’ नावाने कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते आणि ती भिजवावीही लागत नाही. नवख्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी. तूरडाळ, मटकी, गोडा मसाल्याच्या जवळपासचं काही हवं तर एशियन दुकान. कोथिंबीर-पुदिन्याची जुडी तुर्की दुकानात स्वस्त पडते. गोठवलेला पालक घेताना पाकीट नीट वाच : ‘राम’ लिहिलेलं असेल तर त्यात आधीच साय घातलेली असते. मी एकदा त्यात लसणाची फोडणी घातली होती. प्रभू रामाशी संबंध नाही एवढंच सांगतो.

आता पहिला रविवार. फक्त दोन गोष्टी कर.

एक, वाटण. किलोभर कांदा बारीक चिरून अर्धी वाटी तेलात मध्यम आचेवर परत. घाई करू नकोस, अर्धा तास लागतो, आणि सगळी चव याच अर्ध्या तासात असते. गुलाबी झाला की चार चमचे आलं-लसूण, मग हळद, तिखट, धने-जिरे पूड, मीठ, आणि टोमॅटोचे ४०० ग्रॅमचे दोन टिन. कडेने तेल सुटेपर्यंत आटव. गार करून दहा छोट्या पिशव्या भर. आठवड्यात यातली एक पिशवी आणि टिनमधले छोले म्हणजे छोल्याची भाजी. तीच पिशवी आणि दोन अंडी म्हणजे अंडा करी. मटार टाकलेस तर मटार उसळ.

दोन, कडधान्य. अर्धा किलो मटकी किंवा चवळी शनिवारी भिजत घाल. मोड हवे असतील तर थंडीत ओट्यावर येत नाहीत. फडक्यात बांधून हीटरजवळ ठेव. शिजवताना जरा कच्चट राहू दे, कारण गरम करताना ती पुन्हा शिजते. राजमा मात्र पूर्ण शिजवायचा, अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो.

गार करण्याबद्दल नीट वाच. पहिल्या हिवाळ्यात मी पातेलंभर छोले रात्रभर शेगडीवरच ठेवले. बाहेर बर्फ पडतंय, कुठे खराब होणार, असं वाटलं. स्वयंपाकघर मात्र हीटरने उबदार. सकाळी किंचित आंबूस लागले तरी खाल्ले आणि दोन दिवस लेक्चर बुडाली. पातेलं थंड पाण्याच्या सिंकमध्ये ठेव किंवा अन्न परातीत पसर, आणि दोन तासांच्या आत फ्रीझरमध्ये टाक. भाताला तर मुळीच बाहेर ठेवू नकोस. त्यातले काही जंतू शिजवूनही टिकतात, आणि बाहेर राहिला की जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. म्हणून पिशवी आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढ, वाफा येईपर्यंत गरम कर, आणि एकदा वितळलेलं परत गोठवू नकोस.

बटाटा गोठवू नकोस, स्पंज होतो. कढी फाटते. कोशिंबीर, पोहे, उकडलेली अंडी, नकोच. चिकन रस्सा छान राहतो, बटाट्याशिवाय. चपात्या गोठतात, मध्ये बटर पेपर घालून, पण पहिल्या सहा महिन्यांत त्या नादाला लागू नकोस. भात लाव, नाहीतर तुर्की दुकानातली पातळ रोटी आण.

घरून आणायचं म्हणशील तर पाच लिटरचा स्टीलचा कुकर, इंडक्शनवर चालणारा, सपाट बुडाचा. अॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. सोबत एक जादा गॅस्केट आणि शिट्टी. मिक्सरला इथली वीज चालते, २३० व्होल्टच आहे, फक्त पिनेसाठी अॅडॉप्टर लागेल. मसाले आण : गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हिंग. तूप आणि पेढे मात्र आईने कितीही आग्रह केला तरी नको. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. तूप इथलं लोणी कढवून घरी होतं, वीस मिनिटांचं काम.

आणि फोडणी देताना खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. झोपायच्या प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म असतो आणि मिरचीची फोडणी त्याला अजिबात सोसत नाही.