मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला लांबचं स्वच्छ दिसतं, पण तांदूळ निवडता येत नाहीत. आधी तर चष्म्याशिवाय जमायचं! ऑपरेशन बिघडलं का?

नाही, बहुतेक ऑपरेशन नीट झालंय. आईंना फक्त जवळचा चष्मा लागेल. मी डोळे तपासून नंबर काढण्याचं काम करते, ही तक्रार नेहमीची आहे. आत बसवलेली साधी, म्हणजे मोनोफोकल, लेन्स एकाच अंतरासाठी असते आणि आपल्याकडे ती सहसा लांबचं दिसावं अशीच निवडतात. त्यामुळे बसचा बोर्ड वाचता येतो, पण ताटातला खडा दिसत नाही. आधी जमायचं त्याचं कारण खुद्द मोतीबिंदूच: डोळ्यातल्या मूळ लेन्सचा मधला भाग कडक होत गेला की डोळ्याला मायनस नंबर येतो आणि जवळचं काही काळ बिनचष्म्याचं दिसतं. पांढरं आता निळसर वाटत असेल तर तेही स्वाभाविक आहे, पिवळी पडलेली लेन्स निघाली ना! वाचायला साधारण +2.50 लागतो, पण नंबर स्थिरावायला चार ते सहा आठवडे द्या, घाईने चष्मा करू नका. मात्र डोळा दुखतोय, लाल झालाय, नजर कमी होतेय, समोर पडदा आल्यासारखं वाटतंय किंवा दाराची चौकट वाकडी दिसतेय, तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.