छोट्या होडीतून मासेमारी करताना अचानक वादळ आलं तर काय करायचं?

पहिलं म्हणजे जाळ्याचा मोह सोडा. आमचे काका मालवणला होडी घेऊन जायचे, एकदा ऑक्टोबरात दुपारी वारा एकदम पडला, पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं, आणि मग जमिनीकडून गार झुळूक आली, ती आली की दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. काकांनी सरळ कोयतीने जाळ्याची दोरी तोडली, हजारोंचं नुकसान झालं पण माणसं घरी आली.

होडीचं तोंड कायम लाटेकडे ठेवा, आडवी झाली की उलटलीच समजा. इंजिन बंद पडलं तर बालदी दोरीला बांधून पुढून पाण्यात सोडा, तिच्या ओढीने तोंड वाऱ्याकडे राहतं. सगळे खाली बसा, उभं कोणी राहायचं नाही. आणि घाईने खाडीत शिरू नका हो, मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाट फुटते, बऱ्याच होड्या तिथेच बुडतात.

कोस्ट गार्डचा नंबर १५५४ आहे, वायरलेस असेल तर चॅनल १६. नोव्हेंबर २००९ च्या फयान चक्रीवादळात आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं गेली, म्हणून सांगतो, लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, फळीखाली नाही.