इंग्लंडमधलं नदीकाठचं ‘हॅम्लेट’ म्हणजे नेमकं कसं असतं?

सोप्पं सांगायचं तर आपली वाडी. मोजकी घरं, आणि मुख्य चर्च बहुतेक वेळा शेजारच्या मोठ्या गावात.

उदाहरण म्हणून मिलडेल घ्या, मध्य इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात, डव्ह नदीच्या काठावर. नदी म्हणजे काय, आपल्याकडच्या ओढ्याएवढीच, पण पाणी इतकं नितळ की तळातले दगड दिसतात, आणि तीच डर्बीशर आणि स्टॅफर्डशर या दोन परगण्यांची हद्द आहे. दोन्हीकडे चुनखडीचे उभे डोंगर, हा दगड सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता तेव्हा शिंपल्या-प्रवाळांचा थर साचून बनलेला, आणि घरंही त्याच राखाडी दगडाची, वरच्या कुरणांचे बांधसुद्धा तसेच, सिमेंट-बिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड.

मला सगळ्यात आवडतो तो तिथला व्हिएटर्स ब्रिज. एवढासा अरुंद दगडी पूल, कठडे जेमतेम गुडघ्याएवढे! कारण पूर्वी यावरून घोडे माल घेऊन जायचे आणि दोन्ही बाजूंना लटकलेली ओझी कठड्याला अडकायला नकोत. चर्च टेकडीवरच्या अल्स्टनफील्डला, म्हणजे प्रार्थनेला जायचं तर चढ चढा. पुलापासून नदीकाठानेच खाली चालत गेलात की डव्हडेलचे, म्हणजे याच नदीच्या दरीतले, ते फोटोतले फेमस स्टेपिंग स्टोन्स (नदी ओलांडायला पात्रात ओळीने ठेवलेले दगड) लागतात, पण सुट्टीच्या दिवशी तिथे जत्रा असते बरं का.