जुन्या लॅपटॉपला नवीन एसएसडी लावली तर विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागते का? घरच्या घरी टाकता येते का?

विकत घ्यावी लागत नाही, आणि घरी आरामात टाकता येते.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे, विंडोज १० कंपनीकडूनच आली होती, १ टीबीची हार्ड डिस्क रडतखडत चालते म्हणून ५१२ जीबीची एम.२ एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपची डिस्क; एम.२ म्हणजे तिचा पट्टीसारखा आकार) घेतली, आणि दुकानदार म्हणतो की नवीन ड्राइव्ह म्हणजे नवीन लायसन्स. तसं नसतं. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून कंपनीच्या लॅपटॉपची ‘की’, म्हणजे विंडोजच्या लायसन्सचा नंबर, मदरबोर्डवरच्या बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) चिपमध्येच लिहिलेली असते. डिस्क बदला नाहीतर काढून ठेवा, की जागची हलत नाही. इन्स्टॉल करताना की मागितलीच तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’वर क्लिक करा. नेट जोडलं की विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

फक्त एडिशन, म्हणजे विंडोजचा प्रकार (होम, प्रो वगैरे), तोच हवा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. जुनी विंडोज चालू आहे तोवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून बघून ठेवा. कुणी हौसेने प्रो टाकून दिली तर ती या कीवर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही. मग लोक क्रॅक मारतात, म्हणजे लायसन्सशिवाय चोरून चालवतात, आणि क्रॅकवाल्या विंडोजवर मी तरी नेट बँकिंग करणार नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सरळ ११ टाका. आठव्या पिढीचा प्रोसेसर तिला चालतो आणि १० ची कीही चालते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह द्या. त्यातलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

एसएसडीचं पाकीट फोडण्याआधी एक बघा. एम.२ दिसायला सारखीच असली तरी ती साटा असते किंवा एनव्हीएमई (डेटा नेण्याच्या दोन वेगळ्या पद्धती), आणि त्या काळातले काही स्लॉट दोन्हीपैकी एकच घेतात. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये खात्री करा. बसवताना आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा करा. एसएसडी तिरकी सरकवायची, मग दाबून आडवी करायची आणि स्क्रू लावायचा. हा बारीक स्क्रू एसएसडीच्या पाकिटात बहुतेक वेळा नसतो. तो लॅपटॉपच्या स्लॉटजवळच लावलेला आहे का ते आधी पाहून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर ईएफआय नावाचं छोटं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) आयतं सापडतं आणि तो बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या, फाइली तिथेच टाकून मोकळा होतो. म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि ती सुरू करण्याची चावी हार्ड डिस्कवर. वर्षभर काही कळत नाही. मग एक दिवस हार्ड डिस्क मरते, लॅपटॉप ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणतो आणि चांगल्या एसएसडीवर आळ येतो. शिवाय डिस्क जोडलेलीच नसेल तर चुकून भलत्या डिस्कवर फॉरमॅट मारायची भीतीही उरत नाही.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. डिस्क निवडायच्या स्क्रीनवर एसएसडीची एकच ओळ दिसायला हवी, ‘डिस्क ० अनअलोकेटेड स्पेस’, आकार साधारण ४७६ जीबी. फसवणूक नाही ती. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. सी, डी, ई असे कप्पे पाडत बसू नका. ती ओळ निवडून ‘नेक्स्ट’ करा, लागणारी पार्टिशनं विंडोज स्वतः करते.

ओळ दिसलीच नाही तर घाबरू नका. त्या पिढीच्या काही लॅपटॉपवर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) ‘आरएसटी’ किंवा ‘ऑप्टेन’वर ठेवलेला असतो. तो ‘एएचसीआय’ केला की बहुतेकदा एसएसडी दिसते. जुनी विंडोज मात्र नव्या मोडवर कदाचित सुरू होणार नाही, म्हणून डेटाचा बॅकअप आधीच बाहेर काढलेला बरा.

पुढे सेटअप नेट मागतो आणि कधी कधी वायफायचा ड्रायव्हरच नसतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, काम होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत तर नवीन विंडोज ड्राइव्ह गुपचूप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून ठेवू शकते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की अकाउंटमध्ये सापडते, ती कागदावर लिहून ठेवा.

सगळं सुरळीत चाललं की हार्ड डिस्क पुन्हा जोडा, बायोसमध्ये एसएसडी पहिली ठेवा आणि डेटा ओढून घ्या. लोक डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि फोटो घेतात. हिशेबाच्या टॅलीचं डेटा फोल्डर आणि फॉन्ट हमखास विसरतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं नव्या विंडोजवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट नसतो. जुन्या डिस्कवरच्या ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून ते कॉपी करून इन्स्टॉल करा. हे होईपर्यंत जुन्या डिस्कवरची विंडोज पुसू नका.