नव्या समितीच्या आधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

आरोग्यासाठी निरनिराळी खाती एकत्र आणणाऱ्या समन्वय समितीचा तुझा आराखडा वाचला. अध्यक्ष जिल्हाधिकारी, उपाध्यक्ष जिल्हा पंचायतीचे सीईओ, खाली पाऊण पान सदस्य. नीटनेटका आहे, पण इतक्यात वर पाठवू नकोस. आपल्या बेळगाव जिल्ह्यात समित्यांची टंचाई कधीच नव्हती. तालुक्याला केडीपीची, म्हणजे विकासकामांच्या आढाव्याची, बैठक आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राला आरोग्य रक्षा समिती आहे, गावाला आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे आणि तिला वर्षाला १० हजारांचा मुक्त निधीही ठरलेला आहे. या सगळ्या ठिकाणी बसणारी माणसं तीच. तू आणखी एक समिती काढलीस तर त्याच माणसांना आणखी एकदा चहा पाजशील, आणि इतिवृत्त लिहिण्याचं काम तुझ्याच गळ्यात पडेल.

सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. एका पेशंटपासून कर. त्याच्या दारापासून औषधापर्यंतची वाट कागदावर काढ आणि प्रत्येक टप्प्यापुढे लिही की हा टप्पा कुठल्या खात्याच्या ताब्यात आहे. आपलं आरोग्य खातं त्यात किती थोड्या जागी येतं ते तुझं तुलाच दिसेल.

खानापूर तालुक्याचंच घे. आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा ही गावं भीमगडच्या जंगलात. २०११ साली ते अभयारण्य झालं. पावसाळ्यात नाले भरले की आजारी माणसाला लाकडांची डोली करून खांद्यावरून बाहेर आणावं लागतं, हे तू पेपरात वाचलं असशील. यात डॉक्टरचा भाग शेवटचा. साकव आणि रस्ता बांधकाम खात्याचा, पण त्याला परवानगी वन खात्याची. फोन लागत नाही म्हणून १०८ ला कळत नाही, तो प्रश्न टॉवरचा. गाभण राहिलेल्या म्हशीची नोंद पशुवैद्यकाकडे वेळेवर होते आणि गरोदर बाईची होत नाही, कारण आशाला तिथवर जायला वाहन नाही. प्राथमिक केंद्र डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक असावं असा नियम आहे, सपाटीवर तो ३० हजारांचा. पण विखुरलेल्या वाड्यांसाठी २० हजारांचा आकडासुद्धा फसवा आहे. लोक मोजून तिथे अंतर भागत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबू नकोस. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा सुमारे ४७ लाख ८० हजारांचा होता, बेंगळुरू शहर जिल्ह्याच्या खालोखाल राज्यात दुसरा. एवढ्या गर्दीत आमगाव कुठे दिसणार? नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात मागासलेपण मोजताना तालुका हे माप धरलं, ३५ निर्देशक लावले आणि राज्यातल्या तेव्हाच्या १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले. ते शहाणपणाचं होतं. तू आणखी खाली जा, उपकेंद्रापर्यंत. सीईओंसमोर 'जिल्ह्यात लसीकरण इतके टक्के' असं बोलू नकोस. कुठल्या चार उपकेंद्रांत ते अडलंय तेवढं सांग.

जंगलातल्या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा तुझ्या कानावर येईलच. माझं मत स्पष्ट आहे. कुणाला गाव सोडायचं असेल तर सोडू दे, चांगला मोबदला मिळू दे. पण 'दवाखाना हवा तर बाहेर या' असं आरोग्य खात्याच्या तोंडून कुणी वदवून घेत असेल तर तू त्यात पडू नकोस. माणूस जिथे आहे तिथे त्याचा ताप तपासणं आपलं काम.

आता गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण खाती एकत्र येणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं कशानेच कळत नाही. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला. बरीच वर्षं तो त्या पट्ट्यातलाच आजार मानला जाई. २०१५-१६ च्या सुमारास गोव्यात सत्तरी तालुक्यात रुग्ण निघाले, सिंधुदुर्गात दोडामार्गला निघाले, आणि आपल्या जिल्ह्यातून काजूच्या हंगामाला गोव्यात गेलेले मजूर ताप घेऊन घरी परतले. गोचीड चावली गोव्यात, ताप चढला बेळगाव जिल्ह्यात. आता हा रुग्ण कुणाचा? गोव्याच्या यादीत तो नाही, कारण तो निघून आला. आपल्या डॉक्टरच्या डोक्यात माकडताप नाही, कारण इथल्या जंगलात माकड मेल्याची खबर नाही. तो मलेरिया आणि डेंगी तपासत बसतो.

यातली पहिली खूण आरोग्य खात्याला मिळतच नाही. माकड मेलं की ते दिसतं वनरक्षकाला, नाहीतर गवळ्याला. गुरांवरच्या गोचिडी पशुसंवर्धनवाल्यांना ठाऊक. मजूर कुठल्या बागेत गेले ते ठाऊक असतं ठेकेदाराला आणि गावच्या पंचायतीला. गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल वाटायचं आपण, पण ते लावायला हवं काजूच्या बागेत, म्हणजे वाटप व्हायला हवं मजूर निघण्याच्या आधी. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ. तेव्हा नोव्हेंबरातच वनक्षेत्रपाल, पशुवैद्यक, पंचायतीचा पीडीओ आणि गोव्यातल्या वाळपईचा आरोग्य अधिकारी या चौघांचे नंबर तुझ्या फोनमध्ये असले पाहिजेत, आणि तुझा नंबर त्यांच्या फोनमध्ये. समिती म्हणशील तर ती एवढीच. तिला अध्यक्ष लागत नाही.

निपाणी-चिकोडीकडे वाट वेगळी. तिथे जंगल आडवं येत नाही, सोयरीक येते. निपाणीची सून महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजची लेक असते आणि पहिलं बाळंतपण माहेरी. इथे तिचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड, निघतं, सातव्या महिन्यात ती पलीकडे जाते, तिथली आशा नव्याने सगळं लिहून घेते. बाळ झाल्यावर सव्वा महिन्याने, कधी तीन महिन्यांनी ती परत येते. मधल्या काळातल्या लसी कुणी दिल्या, दिल्या की नाही, हे दोन्हीकडच्या रजिस्टरात धड नसतं. आता यू-विन या लसीकरणाच्या पोर्टलवर कुठेही लस देऊन नोंद करता येते, पण नोंद करणाऱ्याने जुना नंबर शोधला पाहिजे. त्याला वेळ नसला की तो नवीन नोंद काढतो. मग आपल्या रजिस्टरात ते बाळ 'लस चुकलेलं' आणि त्यांच्या रजिस्टरात 'स्थलांतरित'.

लसीचं एक वेळ भागेल. बाई दगावली तर जास्त वाईट. ती राहणारी इथली, मेली कोल्हापुरात. मृत्यूचं परीक्षण दोन ठिकाणी व्हायचं असतं, जिथे गेली त्या दवाखान्यात आणि जिथे राहत होती त्या गावात. पलीकडून कळवलंच नाही तर गावातलं परीक्षण होत नाही, आणि कुठल्या दवाखान्याने तिला किती वाजता पुढे पाठवलं, वाहन कधी मिळालं, हे कायमचं राहून जातं. कोल्हापूर आणि सांगलीच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून दर महिन्याला फक्त आपल्या जिल्ह्यातल्या बायकांची यादी माग. यादी कोरी आली तरी ती कोरी आहे असं लेखी घे.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. कागवाडवाल्याला मिरज तर दारात आहे. १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल निघालं, आजोबाच्या काळापासून लोक तिकडेच जातात. बेळगाव त्याला शंभर किलोमीटरच्या पुढे पडतं. आणि आपली रेफरलची चिठ्ठी त्याला बेळगावला पाठवते. तो ऐकत नाही, आणि ऐकू नये. क्षयरोगाचा पेशंट मिरजेच्या खाजगी डॉक्टरकडे सापडला तर निक्षय या क्षयरोगाच्या पोर्टलवर त्याची नोंद सांगलीतून होते, गोळ्या मात्र त्याला कागवाडला हव्यात. निक्षयचा नंबर देशभर एकच, पोषणाचे पैसे थेट खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १ हजार. यंत्रणा आहे. अडतं ते बदलीच्या एका क्लिकपाशी. आपल्या क्षयरोग पर्यवेक्षकाला दर आठवड्याला 'बदलून आलेले' हा रकाना उघडायला लाव, आणि सांगलीच्या पर्यवेक्षकाशी त्याची ओळख करून दे. दोघं एकदा समोरासमोर बसले की पुढची कामं फोनवर होतात.

कार्डांचा गोंधळ तुला लवकरच भेटेल. आपल्याकडे २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्याला पॅकेजच्या ३० टक्के, आणि आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने हरकत घेतली. यावर बैठकीत तुझं मत विचारतील. देऊ नकोस. मनात काय आहे ते मला माहीत आहे, माझ्याही मनात तेच आहे. पण कोल्हापूर-मिरजेतला कुठला दवाखाना कुठलं कार्ड घेतो, कुठल्या आजाराला घेतो, याचा तक्ता तुझ्या आशांकडे असला पाहिजे. मराठीत आणि कन्नडमध्येही.

भाषेचं आलंच आहे तर सांगतो. तू कन्नड चांगलं शिक, केडीपीत कन्नडमध्ये बोल, टिपणी कन्नडमध्येच पाठव. मग खानापुरात मराठी पत्रकं वाटलीस तर तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. नियम तुझ्याच बाजूने आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे राज्यांनी कधीच मान्य केलेलं आहे.

दोन राज्यांची खाती एकत्र येतील का, अशी शंका तू शेवटी काढली आहेस. शंका रास्त आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा केल्या, त्यात कर्नाटक दक्षिणेच्या परिषदेत बसतं, महाराष्ट्र आणि गोवा पश्चिमेच्या. म्हणजे ज्या तिघांनी माकडतापावर बोलायचं ते नेहमीच्या टेबलावर एकत्र नसतातच. वर २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा. पण कृष्णेला पूर आला की बघ. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, याचे आकडे दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांना देतात. २०१९ च्या ऑगस्टात चिकोडी, रायबाग, अथणी पाण्याखाली गेलं त्यानंतर तर हे जास्तच पक्कं झालं. दाव्याच्या फायली त्या बैठकीत कुणी उघडत नाही. पाण्याचे आकडे देता येतात तर तापाचेही देता येतील. फक्त मागायचं ते आकड्यांपुरतं माग. 'सहकार्य करावे' असं पत्र पाठवलंस तर 'नोंद घेतली' असं उत्तर येईल.

ऊसतोडीवाल्यांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, ती वाढव. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत खोपीत राहतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती बाई पोटुशी असली तरी मोळी उचलते. बीडमधल्या या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला समिती नेमावी लागली. त्यांचं अंगणवाडीतलं नाव गावाकडे, भूक इकडे. आपली आशा म्हणते, ती आमच्या गावची नव्हे. त्यांची यादी कुणाकडे असते? कारखान्याच्या शेती ऑफिसात, कारण उचल तिथूनच गेलेली असते. कारखान्याचा शेतावरचा माणूस म्हणजे चिटबॉय, त्याला प्रत्येक टोळीचा ठिकाणा तोंडपाठ. तेव्हा साखर, कामगार, महिला-बालकल्याण आणि आरोग्य ही चार खाती जुळवायची असतील तर मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आधी ती यादी मिळव आणि अंगणवाड्या बघणाऱ्या सीडीपीओबाईंना दे. लसीकरणाचा दिवस कारखान्याच्या सुट्टीला धर, नाहीतर खोपीत फक्त म्हातारी आणि कुत्रं भेटेल.

आणखी एक. या कामात रुग्णांनाच बरंच कळतं. १९८२ चा देवदासी बंदीचा कायदा झाला, तरी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर देवीला सोडलेल्या अनेक जणींचं आयुष्य सांगली-मिरजेत गेलं आणि एचआयव्हीचं औषध दोन राज्यांत विभागलं गेलं. १९९७ साली घटप्रभेत अशा बायकांची मास ही संस्था उभी राहिली. औषध कुठे अडतं हे विचारायचं तर त्यांना विचार, अधिकाऱ्यांना नंतर.

आणि नोव्हेंबर जवळ आला की एक काम न चुकता कर. एक तारखेला इकडे कन्नड राज्योत्सव, तिकडे मराठी लोकांचा काळा दिवस, कधी डिसेंबरात बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळी तापतं. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या गाड्या बंद झाल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा. गाडी कोगनोळीच्या सीमानाक्यावर थांबली की डायलिसिसवाला काय करणार? त्याला आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं. डायलिसिस आणि केमोवाल्यांची यादी आधीच पोलीस अधीक्षकांच्या ऑफिसात दे, प्रत्येकाचा वार आणि दवाखाना लिहून, आणि नाक्यावर सोडण्याचं पत्र घेऊन ठेव. कोविडमध्ये याच नाक्यावर आरटी-पीसीआरच्या कागदावरून लोक ताटकळले, तेव्हा अशी यादी कुणाकडेच नव्हती.

आराखडा फाडू नकोस. वर्षभर हे झालं की त्याच कागदावर कुणाचं कुणाशी काम पडतं ते आपोआप दिसेल, आणि मग सदस्यांची नावं निम्मी कमी होतील. तोवर कागवाडपासून सुरू कर. तिथली यादी आली की मला पाठव, मिरजेतल्या दवाखान्यांची नावं मी तपासून देतो. त्यातले दोन बंद पडलेत, पण आशा अजून तिकडेच पाठवतात.

तुझा
काका