दहा दिवसांचे एक छायाचित्र

प्रश्न : ‘हबल डीप फील्ड’ या छायाचित्रासाठी दुर्बीण दहा दिवस एकाच जागी रोखून धरली होती, असे वाचनात आले. मग कॅमेऱ्याचे शटर दहा दिवस उघडेच होते का? आमच्या वर्गात हे चित्र लावले आहे. त्याचा एक कोपरा पायऱ्या कापाव्यात तसा काळा आहे. हा छपाईचा दोष समजावा का? आणि त्यातील रंग खरे मानावेत का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : शटर दहा दिवस उघडे नव्हते. 18 ते 28 डिसेंबर 1995 या काळात हबल या अवकाश दुर्बिणीने पृथ्वीभोवती सुमारे 150 प्रदक्षिणा घालताना सप्तर्षीमधील एकाच ठिकाणाची 342 छायाचित्रे घेतली. त्यांतील बहुतेकांचा उद्भासनकाळ, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, 15 ते 40 मिनिटांचा होता. ही जागा मुद्दाम निवडली होती. तेथे आपल्या आकाशगंगेतील तारे मोजकेच आहेत, शिवाय तिकडे पाहताना पृथ्वी मध्ये येत नाही. क्षेत्र मात्र चिमुकले : शंभरेक मीटरवर धरलेला क्रिकेटचा चेंडू आकाशाचा जेवढा भाग झाकेल, साधारण तेवढेच. अशा ‘रिकाम्या’ जागेवर इतका वेळ घालवावा का, याविषयी काही ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ साशंक होते. पण हबलचे वैज्ञानिक काम पाहणाऱ्या संस्थेचे तत्कालीन संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी संचालकाच्या अखत्यारीतील वेळ त्यासाठी दिला, आणि त्या टीचभर जागेत सुमारे 3,000 दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, सापडल्या.

वेळेचे असे तुकडे का पाडावे लागतात, हे एखादे कच्चे छायाचित्र पाहिले की लगेच कळते. अर्ध्या तासाच्या त्या चित्रावर पांढरे ठिपके आणि बारीक ओरखडे विखुरलेले असतात, आणि अंधूक दीर्घिका त्यांत हरवून जातात. हे ओरखडे वैश्विक किरणांचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या सीसीडीवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) आदळणाऱ्या वेगवान कणांचे. कण दर वेळी नव्या जागी आदळतो, दीर्घिका मात्र आपली जागा सोडत नाही; त्यामुळे अनेक चित्रे एकमेकांशी ताडून पाहिली की एकाच चित्रात उमटलेला ठिपका बाद करता येतो. दुर्बीणही मधूनमधून किंचित सरकवली जाते, म्हणजे सीसीडीवरचा सदोष बिंदू प्रत्येक वेळी त्याच दीर्घिकेच्या वाट्याला येत नाही. उरलेली चित्रे एकत्र केली असता प्रकाश चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, तर यादृच्छिक गोंगाट (चित्रात आपोआप मिसळणारे अनियमित चढउतार) संख्येच्या वर्गमुळाइतकाच वाढतो. शंभर चित्रांत दीर्घिका गोंगाटाच्या तुलनेत दहापट ठळक होते, ती या हिशेबाने. मग एकेका मिनिटाचीच हजारो चित्रे का घेऊ नयेत? कारण सीसीडी वाचतानाही दर वेळी थोडा गोंगाट मिसळतोच.

काळा कोपरा छपाईचा दोष नाही. त्या वेळच्या कॅमेऱ्यात चार सीसीडी होत्या आणि त्यांतील एक अधिक बारकाईने, पण लहान क्षेत्र पाहणारी होती. तिचे चित्र इतर तिघींच्या मापात बसवले की ते आक्रसते आणि पायरीसारखी जागा मोकळी राहते. (चित्रात चार टोकांची फुली असलेले ठिपके दिसतील, ते आपल्याच आकाशगंगेतील तारे. विद्यार्थ्यांना ते शोधायला सांगावेत, वर्ग रंगतो.)

रंगांविषयी थोडे सविस्तर. सीसीडी केवळ कृष्णधवल चित्र घेते. रंगासाठी समोर फिल्टर धरावा लागतो. तुमच्या भिंतीवरील चित्रात 450 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निळा, 606 चा हिरवा आणि 814 चा लाल दाखवला आहे. क्रम नैसर्गिक आहे, पण 814 नॅनोमीटरचा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून रंग मनाचे नाहीत, तरी डोळ्यांनाही ते तसेच दिसले असते, असे म्हणता येणार नाही.

चौथा फिल्टर 300 नॅनोमीटरचा, अतिनील प्रकाशाचा होता. प्रकाशित पृथ्वीकडून विखुरलेल्या उजेडाची उधळण इतर चित्रांत अडसर ठरते अशा वेळी या फिल्टरची चित्रे प्रामुख्याने उरकली गेली, कारण अतिनीलमध्ये ती उधळण फारशी जाचत नाही. रंगीत चित्रात त्यांना जागा मिळाली नाही, पण त्यांचे मोल मोठे ठरले. 91.2 नॅनोमीटरहून लहान तरंगलांबीचा प्रकाश हायड्रोजन वायू गिळून टाकतो, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे ही सीमा फार दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत ताणली जाऊन थेट 300 नॅनोमीटरच्या पुढे पोहोचते. त्यामुळे निळ्या चित्रात स्पष्ट दिसणारी एखादी दीर्घिका अतिनील चित्रात पूर्णपणे गायब झाली, तर ती अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचा कयास त्या रिकाम्या जागेवरूनच बांधता येतो.