गच्चीवरची शनिवारची बैठक

सांगलीच्या एका आईचे पत्र आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चुलतभावाच्या हळदीला तो पिऊन झिंगला, आणि ‘होस्टेलच्या पोरांनी बिघडवलेल्या मुलाला परत आणू का?’ असे त्या विचारतात.

ताई,

मित्रांविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे आणि घराविषयी एकच वाक्य, तेही कंसात : दर शनिवारी गच्चीवर यजमान आणि दीर ‘बसतात’, आणि सोडा-बर्फ आणण्याचे काम सातवीपासून मुलाकडे असे. माझी नजर त्या कंसावरच अडली. शेंगदाण्यांत कांदा-कोथिंबीर कालवून, वर लिंबू पिळून तुम्ही दिलेली बशी गच्चीवर नेणाऱ्या पोराला तेव्हा कुणी दारू पाजली नाही, हे खरे. पण एरवी घुमे असणारे वडील मोकळेपणी हसतात ते कुठे, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले. हळदीला धाकट्या काकांनीच ‘आता मोठा झालास’ म्हणत ग्लास पुढे केला, तेव्हा त्या बैठकीत आपल्याला जागा मिळाली, असेच त्याला वाटले असणार.

होस्टेलवर आग्रह होत नाही असे नाही, नको म्हणणारा तिथे एकटा पडतो. पण शिक्षण मोडून तुम्ही त्याला आणणार ते त्याच गच्चीखाली.

आधी यजमानांशी बोला, शनिवार सोडून. ते लगेच दारू सोडतील अशी आशा मी दाखवणार नाही. मात्र मुलाकडून काही मागवायचे नाही, त्याच्यादेखत बसायचे नाही आणि गटारी असो की लग्नकार्य, कुणी त्याच्या हाती ग्लास द्यायचा नाही, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. दीर हसण्यावारी नेतील, तेव्हा महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, हे त्यांना ऐकवा. बशी भरणेही थांबवा.

मुलाशी मात्र वडिलांनीच बोलावे, आणि ‘तुला सोडा आणायला धाडत होतो, ते माझे चुकले’ इथून सुरुवात करावी. उपदेश तुम्ही केलाच असेल.

तो एकटाच पिऊ लागला, तास बुडवू लागला किंवा पैशांचा हिशेब लागेना, तर मात्र घरच्या बोलण्यावर विसंबू नका. १४४४६ या शासनाच्या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करा. १९८६ पासून काम करणारे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्रही पुण्यातच आहे.